दुसऱ्या बंबावरची माणसं

बंबवाल्याला लोक फक्त आग लागल्यावर बोलावतात, हा गैरसमज आधी दूर करतो. भोपाळच्या ज्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माझी जवळजवळ सगळी नोकरी झाली, तिथे उन्हाळ्यात आम्हाला सगळ्यात जास्त फोन यायचे ते कूलरसाठी. कूलरच्या ओल्या गवतात साप येऊन बसायचा. बाहेर जमीन तापलेली, आत गार वारा आणि पाणी, तोही बिचारा काय करणार? आमच्याकडे मिसेस सक्सेना नावाच्या एक बाई होत्या. दर मे महिन्यात त्यांचा फोन यायचा, "भैया, वही पुराना वाला आया है." आमची माणसं चिमटा आणि पोतं घेऊन जायची. एकदा साप म्हणून जे निघालं ते कूलरच्याच पंपाची रबरी नळी होती. बाईंनी मुळीच ओशाळं न होता चहा टाकला आणि म्हणाल्या, "अब आ ही गए हो, तो ये मोटर भी देख लो, आवाज़ बहुत करती है."

त्याखेरीज मधमाश्यांची पोळी, लॅचचं दार लागून बाहेर अडकलेल्या गृहिणी आणि आत गॅसवर त्यांचं दूध, पाण्याच्या टाकीत पडलेली मांजरं. नव्या पोरांना मी सांगायचो, बाबांनो, आग रोज लागत नसते, पण तोंडओळख रोज ठेवावी लागते. ज्या घरचं दूध वाचवलं, त्या घराचा रस्ता पुढे धुरातही सापडतो.

मी मूळचा नागपूरचा. आग विझवण्याच्या विद्येचं शिक्षणही तिथलंच. भोपाळला थोड्या वर्षांसाठी म्हणून आलो आणि इथलाच झालो. मुलं घरात मराठी बोलायची, पण भांडायची हिंदीत. आमच्या मराठी मंडळातल्या मंडळींनी यंदा दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा त्यांना वाटलं असणार की मी मोठमोठ्या आगींची वर्णनं करीन. आगी पाहिल्या, नाही असं नाही. पण नोकरीत माझी झोप उडवली ती आगीनं नव्हे, हजेरीनं. बंबावर माणसं कुठून आणायची, या एका प्रश्नानं.

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून जरा फोड करून सांगतो. बंब म्हणजे लोकांना लाल गाडी आणि घंटा दिसते. पण गाडी आग विझवत नाही. एक जण गाडी चालवतो आणि पोचल्यावर पंपापाशी उभा राहतो. एक नायक असतो, तो ठरवतो काय करायचं. दोघं पाण्याच्या नळीच्या तोंडाशी, दोघं नळी अंथरायला आणि हायड्रंट, म्हणजे रस्त्याकडेचा पाण्याचा नळ, उघडायला. म्हणजे झाली सहा माणसं. आता कारखान्यात पाळ्या तीन. त्यात साप्ताहिक सुट्टी, आजारपण, गावाकडचं लग्न, मुलाची परीक्षा. बंबावरची एक जागा चोवीस तास, बारा महिने भरलेली ठेवायची तर पगारावर चार-पाच माणसं लागतात. घरात पोळी करणारी एकच बाई असली तरी तिला कधीतरी ताप येतोच, तसंच हे.

आमच्याकडे बंब दोन. पहिला कारखान्यासाठी. तिथे तेलानं भरलेले ट्रान्सफॉर्मर, रंगाचं खातं, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. दुसरा टाउनशिपसाठी: क्वार्टर, शाळा, बाजार, दवाखाना. मग ती वर्षं आली जेव्हा सगळ्याच सरकारी कारखान्यांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरणं बंद झालं. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या. माझी पिकलेली माणसं एकेक करून हार-नारळ घेऊन गेली. दुसरा बंब आठवड्यातून काही दिवस नुसता उभा राहू लागला. पाणी भरलेलं, पितळ लखलखीत, पण चढायला माणूस नाही.

एक दिवस जनरल मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. रोखठोक बोलणारा माणूस. म्हणाले, "गोतमारे, दूसरी गाड़ी बंद करते हैं. टाउनशिप के लिए शहर की दमकल बुला लेंगे."

शहराचा बंब जुन्या भोपाळच्या गर्दीतून निघून आमच्याकडे पोचेपर्यंत आमच्या निखाऱ्यांवर वांगी भाजून झाली असती. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. मी त्यांना दुसरा उपाय सांगितला: कारखान्यातच काम करणाऱ्या, टाउनशिपमध्येच राहणाऱ्या माणसांना शिकवू द्या. आपापल्या खात्यात नोकरी करतील आणि सायरन वाजला की बंबावर येतील. चालक आणि नायक कायमचे, बाकीच्या जागा या अंशकालीन माणसांनी भरू.

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर टाकली. मग म्हणाले, "काग़ज़ पर तो हर चीज़ चलती है. दशहरे तक करके दिखाओ. फिर मैं तुमसे नहीं, ठाकुर से पूछूँगा. वो इनके साथ आग में जाने को तैयार है, तो गाड़ी रहेगी. नहीं, तो नहीं."

म्हणजे दुसऱ्या बंबाचं आणि त्याच्या भरवशावर झोपणाऱ्या घरांचं भवितव्य बंबावरच्या नायकाच्या, ठाकूरच्या, एका शब्दावर आलं. आणि ठाकूरला ही कल्पना विषासारखी कडू होती.

शिवमंगलसिंह ठाकूर हा माझा नायक, सागरकडचा बुंदेली माणूस. कुटुंब गावी शेतावर, हा इथे एकटा. त्यामुळे स्टेशन हेच त्याचं घर. रविवारी चिंच घेऊन बसायचा आणि नळ्यांची पितळी तोंडं घासायचा. आगीविषयी तो घरातल्या हट्टी बाईविषयी बोलावं तसं बोलायचा: "ऐसे नहीं मानेगी ये, पीछे से जाना पड़ेगा." मी अधिकारी होतो, पण आगीत मी ठाकूरच्या मागे चालायचो, हे सगळ्या टाउनशिपला ठाऊक होतं आणि मला त्याचं काही वाटत नसे.

मी त्याला योजना सांगितली तेव्हा त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आदमी अच्छे होंगे, साहब. पर ये पाँच बजे घर जाने वाले आदमी हैं. आग पाँच बजे घर नहीं जाती."

त्याची अडचण खरी होती. नळीच्या तोंडाशी दोघं असतात. पुढचा पाणी मारतो. मागचा त्याच्या पाठीला खांदा लावून नळी तोलतो. पंपावर दाब वाढला की ती नळी अशी उसळते की मागच्यानं सोडली तर पुढचा आडवा झालाच म्हणून समजा. आणि पुढच्याला मागे वळून पाहता येत नाही. म्हणून मागे कोण आहे हे त्याला आधीपासून माहीत असावं लागतं. नुसतं नाव नाही, तो कितपत घाबरतो, केव्हा घाबरतो, हे. ते एकत्र राहून, एकत्र खाऊन, एकमेकांच्या घोरण्यावर वैतागूनच कळतं.

दुसरी गोष्ट तो जाता जाता बोलला. "और साहब, इनसे काम चल गया, तो हमारे बाद हमारी जगह भी कोई नहीं भरेगा." मी साहेबांकडून एवढंच कबूल करून घेतलं की चालक आणि नायक यांच्या जागा रिकाम्या झाल्या तर त्या कायम माणसांनीच भरायच्या. हे सांगितल्यावर ठाकूरनं मान हलवली. समाधान झाल्याची नव्हे, ऐकल्याची.

माणसं मिळाली. लतीफभाई हे वाइंडिंग खात्यात होते. तांब्याची तार मोटारीवर गुंडाळायचं काम, बोटं फार शहाणी. सुनंदा बोकाडे स्टोअरमध्ये होती. तिचे सासरे राजधानी हलली तेव्हा राज्य सरकारच्या कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले, तुलसी नगरच्या सरकारी घरात वाढलेला नवरा टाउनशिपच्या शाळेत शिक्षक. ती माझ्याकडे आली आणि थेट म्हणाली, "सर, माझं क्वार्टर बाजाराच्या समोर आहे. आग लागली तर मी तशीही धावणारच. तर मग शिकूनच धावते ना." तेव्हा आमच्या धंद्यात बाई दिसत नसे. मी वरपर्यंत विचारायच्या भानगडीत न पडता तिला घेतलं. विचारलं असतं तर अजून उत्तराची वाट पाहत बसलो असतो. अशी आणखीही दहाबारा मंडळी जमली.

सुट्टीच्या दिवशी स्टेशनच्या मागच्या मैदानात शिकवणी चालायची. नळी गुंडाळणं, शिडी, गाठी, दोरावरून खाली उतरणं. आमची कायम मंडळी खाटेवर चहा पीत सर्कस पाहावी तशी पाहायची. नळी उसळून पहिल्याच दिवशी लतीफभाई चिखलात बसले तेव्हा टाळ्यासुद्धा वाजल्या. ठाकूर टाळ्या वाजवत नसे. तो हजर असायचा, चुका सांगायचा, पण नाव घेऊन कुणाला हाक मारायचा नाही. "वो चश्मे वाले", "वो स्टोर वाली मैडम" एवढंच.

खात्यांचे फोरमन हा आणखी निराळा ताप. सायरनला माणूस सोडायचा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. लतीफभाईंचा फोरमन मला म्हणाला, "गोतमारे साहब, मेरा आदमी आपकी आग बुझाएगा, तो मेरे प्रोडक्शन की आग कौन बुझाएगा?" मी त्याला त्याच्याच क्वार्टरला लागून असलेल्या सुक्या गवताची आठवण करून दिली. माणूस सुटू लागला.

पहिली खरी वेळ आली ती उन्हाळ्याच्या अखेरीस, भर दुपारी. एका क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आग लागली. सायरन वाजला. माझी अंशकालीन माणसं आपापल्या जागेवरून सायकली हाणत निघाली. आता शिकवलेलं असं होतं की आधी स्टेशनवर यायचं, बंबावर चढायचं. पण वाटेतच त्यांना धूर दिसला. आणि धूर दिसल्यावर त्याच्याकडे पाठ करून स्टेशनकडे जाईल असा माणूस टाउनशिपमध्ये राहतच नव्हता. सगळे सरळ आगीवर गेले.

इकडे स्टेशनवर ठाकूर बंबात बसलेला, इंजिन सुरू. नियमाप्रमाणे पुरती माणसं चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तो माणसांची वाट पाहतोय. तिकडे माणसं बाह्या सरसावून दारात उभी, बंबाची वाट पाहताहेत. दोन्हीकडचे आपापल्या जागी चोख! मी बाहेरून येऊन ओरडलो तेव्हा कुठे गाडी हलली. माणसाला काही झालं नाही, पण स्वयंपाकघर गेलं आणि शेजारच्या कपाटात मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या साड्या होत्या, त्या गेल्या. घरच्या बाई शांतपणे मला म्हणाल्या, "भैया, आग बुझाने वाले तो सब आ गए थे. बस पानी नहीं आया." टोमणासुद्धा नव्हता तो, आणि म्हणूनच फार लागला. त्या साड्यांचं वाईट मला आजही वाटतं.

स्टेशनवर परतल्यावर ठाकूर नळ्या वाळत घालायला लागला. कायम मंडळींपैकी कुणीतरी हसलं तर उलट त्यालाच झापलं. पण मला कळलं की दसऱ्याचं त्याचं उत्तर ठरलेलं आहे.

दोन दिवस मी तेच घोळवत होतो. घरी जेवताना पानावर लक्ष नसायचं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ती माणसं आगीवर तुमच्या आधी पोचली, याचं तुम्हाला दुःख आहे का?" त्यातच उत्तर होतं. आपल्या माणसांना धुराकडे पाठ फिरवायला शिकवायचंच कशाला? चूक वाटली तीच रीत करून टाकू. पोशाख आणि शिरस्त्राण ज्याच्या-त्याच्या घरी आणि खात्यात ठेवायचं. ठाकूर आणि चालक दोघांनीच बंब घेऊन लगेच निघायचं, कुणाचीही वाट पाहायची नाही. बाकीच्यांनी थेट आगीवर यायचं. जो आधी पोचेल त्यानं हायड्रंट गाठायचा, पुढच्यानं नळी. बंबावरच्या जागा गाडीत न भरता रस्त्यावर भरायच्या.

ठाकूरनं विचारलं, "और हमारे पीछे कौन होगा?"

"जो पहुँचेगा."

"मतलब हमको मालूम नहीं होगा."

"नाही," मी मराठीतच म्हणालो. तो निघून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून मैदानात एक बदल झाला. तो स्वतः नळीच्या तोंडाशी उभा राहू लागला आणि एकेका अंशकालीन माणसाला पाळीपाळीनं मागे उभं करून, चालकाला खूण करून, न सांगता दाब वाढवू लागला. माणसं पडायची, उठायची. तो वळून बघायचा नाही. कोण किती तग धरतं, ते पाठीनंच पाहत होता.

दसऱ्याला थोडे दिवस उरले होते. टाउनशिपच्या बाजारात एका मंडपवाल्याचं गोदाम होतं: गाद्या, पडदे, कनाती, बांबू आणि आचाऱ्यांची गॅसची सिलिंडरं, सगळं एकाच पत्र्याच्या छपराखाली. दुपारी त्याला आग लागली. पहिला बंब कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीला उभा होता, तो सोडता येत नव्हता. ठाकूर आणि चालक दोघंच दुसरा बंब घेऊन निघाले. मी मागून जीपनं.

मी पोचलो तेव्हा लतीफभाई हायड्रंटवर वाकलेले होते आणि नळी जोडून झाली होती. आणखी दोघं मंडपवाल्याला आणि बघ्यांना मागे हटवत होते. ठाकूर नळीचं तोंड घेऊन दारातून आत शिरला होता. त्याला सिलिंडरांपर्यंत पाणी पोचवायचं होतं. ती तापली असती तर मागची क्वार्टरची रांग राहिली नसती. कापसाचा धूर फार वाईट, दाट आणि घशात बसणारा. मी दाराशी पोचलो तेव्हा आतून त्याचा आवाज आला.

"पीछे कौन है?"

"बोकाडे!"

मग तो ओरडला, "पानी बढ़ाओ!" आणि तिनं तो शब्द बाहेर फेकला. मी चालकाला हात केला. दाब वाढला, नळी उसळली. भिजलेल्या गाद्यांवर ठाकूरचा पाय सरकला आणि तो एका गुडघ्यावर आला. मला धुरातून त्याच्या मागे ती दिसत होती. घरच्या कुडत्यावर आमचा जाड कोट, कोपरापर्यंत बेसन, कारण त्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती आणि ती पाटवड्या थापता थापता उठून आली होती. तिनं खांदा त्याच्या पाठीत रोवला होता आणि नळी काखेत दाबली होती. ठाकूर पडला नाही. पाण्याची धार सिलिंडरांवरून हलली नाही. तो उठला, तीही त्याच्याबरोबर सरकली, आणि दोघं आत गेले.

सिलिंडरं गार झाली, मग एकेक करून बाहेर काढली. छप्पर गेलं, मंडपवाल्याचा त्या मोसमाचा माल गेला, पण क्वार्टरची एक काचसुद्धा तडकली नाही. सगळं आवरल्यावर ठाकूर फुटपाथवर बसून खोकत होता. सुनंदानं त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं ती घेतली, तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाथ धो लो." बस. धन्यवाद नाही, शाबासकी नाही. मला वाटलं, हा माणूस कशाचा बनला आहे!

दसरा झाला आणि साहेब स्टेशनवर आले. आम्ही सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं, कायम आणि अंशकालीन दोन्ही. सुनंदा तेवढी ओळीत नव्हती. दोन दिवसांपूर्वी हजेरीला ठाकूरनं तिचं नाव पुकारलं होतं, पहिल्यांदाच नाव घेऊन, आणि उत्तर आलं नव्हतं.

साहेब सरळ त्याच्यासमोर उभे राहिले. "हाँ ठाकुर, बोलो. इन लोगों के साथ जाओगे?"

ठाकूर ताठ उभा होता. म्हणाला, "साहब, पहले हमारी एक शिकायत है."

माझा धीर सुटला. साहेब म्हणाले, "बोलो."

"बोकाडे मैडम परसों नागपुर चली गईं. भतीजी की शादी है. ठीक है, शादी में जाना चाहिए. पर हमको नहीं बताया."

साहेब गोंधळले. "वो तो स्टोर की कर्मचारी है. छुट्टी स्टोर ने दी होगी."

"स्टोर वाले क्या जानें, साहब?" ठाकूरचा आवाज चढला. इतक्या वर्षांत साहेबांसमोर चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "उनके यहाँ एक आदमी कम हुआ, तो खिड़की पर लाइन लगेगी. हमारे यहाँ कम हुआ, तो हम अंदर जाकर किसको पुकारेंगे? दो दिन से गाड़ी पर बैठते हैं, तो यही सोचते हैं. आगे से इन सबकी छुट्टी हमसे पूछकर होगी. स्टोर हो, वाइंडिंग हो, कोई हो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गोतमारे, ये हाँ बोल रहा है या ना?"

माझे डोळे भरून आले होते. लाज नाही वाटत सांगायला. मी कसाबसा म्हणालो, "हाँ बोल रहा है, साहब."

"तो गाड़ी रहेगी," साहेब म्हणाले.

ओळीत कुणी हाललं नाही. फक्त मागून लतीफभाईंनी घसा खाकरला. "ठाकुर साहब, फिर ईद पर मुझे तीन दिन चाहिए थे. ससुराल जाना है, इंदौर."

"एक दिन," ठाकूर मागे न वळता म्हणाला. "और इंदौर नहीं."

नोकरीभर मी पुष्कळांच्या रजा नाकारल्या आहेत. रजा नाकारल्यावर इतकं तोंड भरून हसलेला माणूस मात्र मी लतीफभाईंखेरीज दुसरा पाहिला नाही.